अर्ध्या तासावरचा धबधबा

मीटरबाईला धबधब्यांचं वेड होतं. आठवडाभर ती घरोघरी जाऊन पाण्याचे मीटर वाचायची आणि रविवारी डोंगरात नाहीशी व्हायची. तेही भर उन्हाळ्यात. पावसाळ्यात कुठलाही कडा वाहतो, त्यात शोधायचं काय, असं तिचं म्हणणं. सगळं कोरडं पडल्यावरही जो वाहतो तो खरा. एकोणीस वर्षांत असे अकरा सापडले होते. एकेकासाठी ती सहा-सहा तास चालली होती. दोनदा घसरून पडली. एकदा गांधीलमाश्यांनी तोंड सुजवलं.

घरात माणसं दोनच, ती आणि तिचा थोरला भाऊ. दादा शिंपी. खाली दुकान, वर दोन खोल्या. चाळीस वर्षं पायमशीन चालवून त्याचा उजवा गुडघा कामातून गेला होता. जिना चढताना तो पायरीगणिक एक शिवी हासडायचा. पायऱ्या चौदा आणि येणाऱ्या शिव्या सहाच, म्हणून आलटून पालटून.

ती रविवारी परतली की तो दातांनी दोरा तोडत विचारायचा, "काय, सापडलं का पाणी?"

"सापडलं."

"वर नळालाही आहे. तंगडतोड कशाला करायची?"

पण मग मशीन थांबायचं. किती उंच होता? आवाज कसा? ती सांगायची, तो ऐकायचा. त्याने आयुष्यात एकही धबधबा पाहिला नव्हता. त्याला एक तरी दाखवायचाच, हे तिने मनाशी धरलं होतं. पण अकराही धबधबे त्या गुडघ्याच्या आवाक्याबाहेरचे. आणि डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, या वर्षी काठी, पुढच्या वर्षी जिनाही बंद.

बारावा तिला कामावर असताना सापडला. मंगळवारी शहराच्या टोकाची शेवटची घरं उरकून ती टेकडीकडच्या पायवाटेने परत निघाली, तर जुन्या दगडखाणीमागून घरघर ऐकू आली. पाय आपोआप वळले. काळ्या कड्यावरून दोन पुरुष उंचीवरून पाणी कोसळत होतं. पांढरंशुभ्र. रस्त्यापासून अर्धा तास आणि वाट सपाट. तिने ओंजळ भरून तोंडाशी नेली आणि तशीच थांबली.

क्लोरीनचा वास.

पाणीखात्यात इतकी वर्षं काढलेल्या बाईला तो वास झोपेतही कळतो. वरच्या टाकीची मोठी पाइपलाइन याच टेकडीच्या पोटातून जाते. ती फुटली होती. पाणी जमिनीतल्या जमिनीत उतरून कड्याशी बाहेर पडत होतं. वर ओलाव्याचा ठिपकासुद्धा नाही, म्हणून खात्याची माणसं तीन आठवडे शोधून थकली होती. वरच्या वस्तीचे नळ तीन आठवडे कोरडे होते.

तिने साहेबांना लावायला फोन काढला. मग परत पिशवीत टाकला. दादाचं दुकान रविवारी बंद असतं. पाच दिवसांचा तर प्रश्न होता.

"रविवारी तू माझ्याबरोबर यायचंस," तिने घरी सांगितलं.

"मी? खांद्यावर घेऊन जाणार का?"

"अर्ध्या तासाची वाट आहे, दादा."

तो हसला नाही. जेवणानंतर पलंगाखालून बूट काढून पुसत बसला.

गुरुवारी वरच्या वस्तीचे मीटर होते. जिन्यात एक बाई भेटली. उजवा हात प्लास्टरमध्ये, डाव्या हातात बादली. खालच्या हौदावरून तिसऱ्या मजल्यापर्यंत.

"मीटर वाचायला आलात? वाचा की," बाई म्हणाली. "काटा हलला तर मलाही हाक मारा, बघायला येते."

मीटरबाईने बादली तिच्याकडून घेतली आणि वर नेऊन ठेवली. "सकाळपासूनची कितवी?"

"पाचवी. एका हाताने सांडतं हो. अर्धीच भरते."

मीटरबाईने जिन्यातूनच फोन लावला.

"खाणीमागे?" साहेब म्हणाले. "आत्ता कळलं तुम्हाला?"

"मंगळवारी."

"त्यावर नंतर बोलू. माणसं पाठवतो. दोन तासांत व्हॉल्व्ह बंद होईल."

ती रिक्षा घेऊनच दुकानात आली. दादा कोटाला बाही लावत होता. गिऱ्हाईक समोर उभं.

"दादा, ऊठ. आत्ता."

"रविवारी ना?"

"रविवारी नसेल तो."

"अगं, ह्यांना संध्याकाळी गावाला जायचंय, एक बाही अजून..."

"दादा!"

त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं. एका बाहीचा कोट गिऱ्हाइकाच्या हातात ठेवला, "आलोच," म्हणाला आणि बूट चढवले.

अर्ध्या तासाच्या वाटेला त्याला पाऊण तास लागला. तिच्या खांद्यावर भार टाकून तो लंगडत चालला. खाणीला वळसा घातला आणि समोर पाणी.

दादाने चष्मा काढून तिच्या हातात दिला. शर्टासकट धारेखाली जाऊन उभा राहिला, तोंड वर करून. टकलावर पाणी फुटत होतं. तो दोनदा ओरडला. शब्द नव्हते, नुसता आवाज. एवढा मोठा आवाज तिने त्याच्याकडून कधी ऐकला नव्हता.

दहा मिनिटं झाली असतील. मग धार दुबळी झाली. विरळ होत गेली, बारीक झाली, थेंबांवर आली. मागचा खडक उघडा पडला.

दादाची मान अजून वरच. "काय झालं गं? बंद कुणी केला?"

"मी."

तिने सगळं सांगितलं. वास, मंगळवार, प्लास्टरवाली बाई. तो एका दगडावर बसून शर्ट पिळत ऐकत होता.

"म्हणजे एकोणीस वर्षं डोंगर पालथे घातलेस," तो म्हणाला, "आणि मला आणलंस ते नळाखाली."

तिचे डोळे भरून आले. "एवढ्या जवळचा दुसरा नाही, दादा."

"माहीत आहे मला." तो गुडघा चोळत होता. "दोन दिवस गप्प बसलीस, ते वाईट केलंस."

"हो."

"साहेब बोलेल."

"बोलेलच."

"ऐकून घे." मग टकलावरून हात फिरवत म्हणाला, "डोक्यावर केवढ्याने आदळतं गं. तू सांगायचीस, पण तसं नव्हतं वाटलं."

गिऱ्हाईक ताटकळत असेल, अशी तिने आठवण करून दिली. तो हलला नाही.

"असू दे. खडक वाळेपर्यंत बसू."

ऊन कडक होतं. खडक वाळायला फार वेळ लागला नाही.