अरुंद दारातून गेलेली आई

आमच्या शेजारचे इटालियन आजोबा तरुणपणी विटांच्या कारखान्यात कामाला म्हणून आले आणि बर्मिंगहॅमचेच झाले. बोलायला लागले की मात्र त्यांचं डोंगरावरचं गाव सुरू. गावाला तट, तटाला एकच वेस, चौकाखाली पावसाच्या पाण्याचं टाकं, बोळांमध्ये समोरासमोरच्या घरांना जोडणाऱ्या कमानी. कमानी मला शोभेच्या वाटल्या होत्या. फोटो बघून सासऱ्यांनी निकाल दिला, की घरं उतारावर आहेत, एकमेकांवर कलू नयेत म्हणून मारलेले टेकू आहेत ते. सासरे, म्हणजे बाबा, बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले. दर उन्हाळ्यात पुण्याहून आमच्याकडे येतात आणि इंग्लंडातली एकही भिंत ओळंब्यात नाही असं सांगत फिरतात. दोघांचं मोडक्यातोडक्या इंग्रजीत छान जमलं होतं.

गेल्या उन्हाळ्यात आजोबांच्या पुतण्याचा गावाहून फोन आला. जुनं घर तो राहायला घेणार होता आणि दर्शनी भिंतीतलं बुजवलेलं छोटं दार फोडून तिथे खिडकी करणार होता. घरात आजोबांचा वाटा, त्यामुळे त्यांचा होकार हवा होता. आजोबा काही होकार देईनात.

तिथल्या जुन्या घरांना दोन दारं असतात. एक रुंद, रोजचं. त्याला लागून दुसरं, जेमतेम एक माणूस मावेल एवढं, उंबरा रस्त्यापासून छातीइतका वर. त्याला मृतांचं दार म्हणतात. घरातलं माणूस गेलं की ते उघडायचं, शवपेटी तिथून बाहेर काढायची आणि लगेच दगडविटांनी बुजवायचं, अशी समजूत. आजोबांची आई गेली तेव्हा ते इथे कारखान्यात होते. रजा मिळाली नाही. आईला छोट्या दारातून नेलं, एवढं भावाने कळवलं होतं. तिच्या शेवटाचं त्यांच्यापाशी तेवढंच होतं, आणि तिथे आता खिडकी होणार होती.

बाबांनी पुतण्याने पाठवलेला नकाशा मागून घेतला. चष्मा पुसला आणि आमच्या बागेत, चहा पिता पिता, सांगून टाकलं: या दाराच्या आत लगेच चढा जिना आहे, तोही वळणारा. पेटी इथून जाणं शक्यच नाही. खाली दुकान किंवा जनावरं, वर बिऱ्हाड, आणि हे दार वर जायचं. पूर्वी बाहेर मारामारी सुरू झाली की दाराला लावलेली लाकडी शिडी आत ओढून घ्यायची.

असेलही बरोबर. पण मला त्यांचा भयंकर राग आला. आजोबा चहा अर्धा टाकून उठून गेले.

"बाबा, तुम्हाला कोणी विचारलं होतं?" मी म्हणाले.

"नकाशात दिसलं ते सांगितलं," ते म्हणाले आणि बिस्किट खाल्लं.

बरेच दिवस कुंपणाशी कोणी फिरकलं नाही. शेवटी मीच बाबांना माफी मागायला शेजारी ओढत नेलं. आजोबांनी कॉफी केली आणि माफीचा विषय पुढे जाऊच दिला नाही. त्या जिन्यावर तर ते खेळून मोठे झाले होते. तिथून पेटी जात नाही हे त्यांना केव्हाचं ठाऊक होतं. आईला मोठ्या दारातूनच नेलं असणार, चौकातून, सगळ्या गावासमोर. आणि तेव्हा पेटीचा पुढचा कोपरा थोरल्या मुलाच्या खांद्यावर असतो. थोरले हेच. अरुंद दारातून मात्र पेटी हातांवरच उतरवावी लागते, तिथे खांद्याचा प्रश्नच येत नाही.

"माझ्या जागी कोण होतं, ते भावाला मला सांगायचं नव्हतं," ते म्हणाले. "ते दार त्याने माझ्यासाठी बांधलंय. मी कसं फोडू देईन?"

परत येताना बाबा आमच्या फाटकाशी थांबले.

सासूबाई गेल्या तेव्हा माझ्या नवऱ्याचा व्हिसाच्या मुदतवाढीचा अर्ज अडकलेला होता. देश सोडला असता तर अर्जच रद्द झाला असता. एकुलता एक मुलगा, पण जाऊ शकला नाही. बाबांनी फोनवर सांगितलं होतं, की विद्युतदाहिनीत नेलं, विधी असे काही झालेच नाहीत, मडकं धरायला कोणी लागलंच नाही. त्या एका वाक्यावर तो सावरला होता.

"लाकडांवर दहन केलं तिचं," बाबा म्हणाले. "तिला सगळं रीतसर हवं होतं. मडकं मी धरलं." फाटकाची कडी त्यांना लागेना. "त्याला सांगू नकोस."