आत्याची कंबर, चार बाय तीन

लग्नाच्या दिवशी आमची आई जाड होती की बारीक, हा खटला आमच्या घरात चाळीस वर्षं निकालाविना पडून होता.

आत्याचं म्हणणं, भावानं घरात काडी आणली. आत्या म्हणजे पप्पांची थोरली बहीण. आईवडील लवकर गेल्यावर तिनंच पप्पांना वाढवलं, त्यामुळे तिच्या शब्दापुढे आमच्याकडे कोणी जात नाही. जरा वारं सुटलं तर उडून जाईल अशी ही होती, हे ती तिसगावहून श्रीरामपूरला आली की पहिल्या चहालाच सांगायची. जोडीला स्वतःची कंबर तेव्हा कशी मुठीत मावायची, तेही सांगायची. आई म्हणायची, मी चांगली अंगानं भरलेली होते. पुरावा कोणाकडेच नव्हता. अल्बम वाळवीनं खाल्ला होता (आणि वाळवीही अशी धोरणी, की चेहरे तेवढे ठेवून मानेखालचं सगळं संपवलं!). उरली होती लग्नाच्या शूटिंगची एक व्हिडिओ कॅसेट. ती बघायला एकदा व्हीसीआर भाड्यानं आणला, तर नेमकी लाईट गेली. तेव्हापासून कॅसेट कपाटात होती.

गेल्या वर्षी लग्नाला चाळीस वर्षं झाली. रविवारी चर्चच्या हॉलमध्ये उपकारस्तुतीची सभा, मग पडद्यावर छोटीशी फिल्म, मग जेवण, असं ठरलं. फिल्म मी करायची. मी शाळेत कॉम्प्युटर शिकवतो, म्हणून मला त्यातलं सगळं येतं असा घरच्यांचा समज आहे, आणि तो मोडायची मला कधी हिंमत झालेली नाही. नगरच्या एका दुकानातून कॅसेट पेनड्राइव्हवर उतरवून आणली आणि एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये घेतली.

शनिवारी सकाळी आत्या आली. सगळ्यांना लॅपटॉपसमोर बसवून मी फिल्म लावली. पहिलंच दृश्य चर्चच्या दाराचं. जुन्या टीव्हीचं चित्र जवळजवळ चौकोनी असायचं आणि आताचा पडदा लांबट, त्यामुळे चित्राच्या दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहिल्या होत्या. आत्यानं तिथंच हात वर केला.

"शुभ कार्यात काळं?" ती म्हणाली. "कोन गेलंय?"

आईनंही तिच्या बाजूनं मान हलवली. ही गोष्ट इतकी दुर्मिळ, की मी ताबडतोब पट्ट्या घालवायला बसलो. शोधता शोधता एक बटण सापडलं. ते दाबलं की चित्र दोन्हीकडून ताणलं जातं आणि पडदा काठोकाठ भरतो. काळं गेलं. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

पुन्हा फिल्म लावली. चर्चच्या दारातून आई आली. पांढरी साडी, हातात फुलं, आणि अंगानं चांगली भरलेली! आईनं उठून सगळ्यांना परत चहा टाकला आणि आत्याच्या कपात साखर जास्त घातली. तेवढ्यात पडद्यावर आईच्या मागून करवली आली. ती एकटीच होती, पण तिला दार पुरेना.

"ही कोन?" आत्यानं विचारलं.

पप्पांनी चष्मा पुसून नीट बघितलं. "तूच की, अक्का."

आत्या उठली आणि पिशवी भरायला लागली. दुपारच्या एसटीनं तिसगावला जाते म्हणाली. उद्या सगळ्या मंडळीसमोर म्हैस म्हणून मिरवायला ती आलेली नव्हती. आईनं विनवलं, पप्पांनी पिशवी धरली, ती ऐकेना. मग पप्पा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "लग्नात माझ्या आईच्या जागी तीच उभी होती. ती नसली तर सभा नको." त्यांचा आवाज ऐकून मला फार वाईट वाटलं.

मी परत लॅपटॉपपुढे बसलो. फिल्म मागेपुढे करताना चर्चच्या भिंतीवरचं घड्याळ दिसलं. ते अंड्यासारखं होतं. केकही अंड्यासारखा होता. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की मी नुसतं काळं घालवलं नव्हतं, अख्खं लग्न आडवं ताणलं होतं. (चित्र मोठं करताना कोपऱ्यातून ओढा, बाजूनं ओढू नका, हे मी दरवर्षी पाचवीच्या मुलांना शिकवतो.) क्लिपच्या सेटिंगमध्ये जाऊन प्रमाण जुन्या टीव्हीचं, म्हणजे चार बाय तीन केलं आणि बाजूच्या पट्ट्या काळ्याच्या पांढऱ्या केल्या. घड्याळ गोल झालं.

आत्याला हाताला धरून आणलं. पडद्यावर करवली आली. कंबर खरोखरच मुठीत मावेल अशी. "ही मी," आत्या म्हणाली आणि पिशवी खाली ठेवली. पण करवलीच्या पुढं आई चालत होती. काडी. साडीत बाई कमी आणि निऱ्याच जास्त. खटल्याचा निकाल लागला होता. आई मान खाली घालून पदराशी चाळा करत बसली.

आता आत्या हसणार असं मला वाटलं. ती पडद्याकडे बघतच राहिली.

"किती हडकुळी हुतीस गं," ती म्हणाली. "माह्यारी पोटभर मिळत न्हवतं का?"

"सात बहिणी होतो, अक्का. मी थोरली. सगळ्यांचं झाल्यावर जेवायचे."

आत्या माझ्याकडे वळली. "आदीचंच लाव. ऱ्हाऊ दे हिला भरल्याली. मी म्हैस दिसते तर दिसू दे."

आई म्हणाली नको, तुमची कंबर उगाच जाईल. आत्या म्हणाली कंबर गेली खड्ड्यात. चाळीस वर्षं एकमेकींना खोटं ठरवणाऱ्या त्या दोघी आता एकमेकींच्या बाजूनं भांडायला लागल्या. शेवटी पप्पांनी निकाल दिला, की देवाच्या दारात दाखवायचं तर जसं होतं तसंच दाखवा. तोपर्यंत एसटी निघून गेली होती.

रविवारी हॉल भरला. लोकांनी लग्नाला टाळ्या वाजवल्या. आई आणि आत्या पहिल्या रांगेत हातात हात घालून बसल्या होत्या. फिल्मच्या शेवटी मी स्वतः येऊन सगळ्यांचे आभार मानतो, असं दृश्य होतं. मोबाईल आडवा धरून घेतलेलं, पडदाभर बसणारं. अख्ख्या फिल्ममध्ये ज्याला मी बोटही लावलं नव्हतं असं ते एकच दृश्य.

मी पडद्यावर आलो. आत्या आईच्या कानाशी झुकली. आईनं गंभीरपणे मान डोलावली. मग दोघींनी मागं वळून मला शोधून काढलं.

"आरं, सगळ्यांला नीट केलंस," आत्या सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आन सोताला तेवढं तानल्यालंच ठिवलंस व्हय?"

हो आत्या, गडबडीत राहून गेलं, असं मी म्हणालो.