रोज सकाळचा फोटो

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मी ब्लडप्रेशरचं मशीन घेऊन वालूरला आईकडे गेले. डॉक्टरांनी तिला गोळी सुरू केली होती आणि रोज घरी बीपी मोजायला सांगितलं होतं. मी जिंतूरला शाळेत गणित शिकवते. शिकवायला लागले की समोरचा माणूस मला पोरच वाटतो. आईला खुर्चीत बसवलं. पाठ टेकव, दोन्ही पाय जमिनीवर ठेव, आधी पाच मिनिटं गप्प बस, चहा नंतर. पट्टा बाहीवरून नाही, उघड्या दंडाला बांधायचा आणि हात टेबलावर छातीच्या उंचीला ठेवायचा. वरचा आकडा हृदय आवळतं तेव्हाचा, खालचा ते सैल पडतं तेव्हाचा. एक मिनिट थांबून पुन्हा मोजायचं.

"एवढं गप तर मला लग्नात बी कुणी बसवलं न्हाई," आई म्हणाली. अण्णा, म्हणजे माझे वडील, हसले. मी हसले नाही. रोज सकाळी मोजून झालं की अण्णांनी मशीनच्या पडद्याचा फोटो काढून मला पाठवायचा, असं मी ठरवून दिलं.

पहिले काही दिवस वरचा आकडा एकशेसाठच्या खाली येईना. मी फोनवरून दोघांनाही फैलावर घ्यायचे. लोणचं बंद, पापड बंद, गोळी चुकवायची नाही. हळूहळू आकडा उतरला. दसऱ्यानंतर तर एकशेबावीस, एकशेअठरा, एकशेचोवीस. मी ते फोटो डॉक्टरांना दाखवले, ते म्हणाले छान चाललंय, हीच गोळी चालू ठेवा. शाळेत मधल्या सुट्टीत इतर शिक्षिकांनाही दाखवले. शिस्त लावली की सगळं होतं, असं सांगत मी मिरवत होते.

संक्रांतीच्या आठवडाभर आधी दुपारी अण्णांचा फोन आला. आईचं तोंड वाकडं झालं होतं आणि उजवा हात उचलत नव्हता. शेजाऱ्याच्या जीपमधून ते तिला परभणीला दवाखान्यात घेऊन निघाले होते. मी पोचले तेव्हा तिला सलाईन लावलेलं होतं. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, बीपी किती असायचं? मी मोबाईल पुढे केला. त्याच सकाळचा फोटो होता, एकशेबावीस आणि अठ्ठ्याहत्तर. त्यांनी नुकतंच मोजलेलं दोनशेच्या वर होतं. ते म्हणाले, तुमचं मशीन बिघडलेलं असणार.

अण्णांनी घाईत औषधांची पिशवी मशीनसकट आणली होती. मी हट्टाने आईच्या डाव्या दंडाला पट्टा बांधला. दोनशेचार आणि एकशेबारा. मशीन चांगलं होतं. पिशवीच्या तळाशी गोळ्यांची पाकिटं होती, एकही गोळी न काढलेली. मी अण्णांकडे पाहिलं.

"ते माझं हाय बाई," ते म्हणाले. "माझ्या दंडाचं."

अण्णांना आयुष्यात कधी बीपी नव्हतं. मी त्यांना सगळ्यांसमोर विचारलं, लाज नाही वाटली? इतका राग मला कुणाचाच आला नव्हता. परक्याने फसवलं असतं तर मी भांडून मोकळी झाले असते. इथे माझे आईबाप रोज सकाळी मी शिकवलेली सगळी पद्धत पाळून, पाठ टेकवून, पाच मिनिटं गप्प बसून मला फसवत होते.

"त्या गोळीनं तिला घडीघडी लघवीला जावं लागायचं," अण्णा म्हणाले. "कापसाची वेचणी सुरू झाली. बाजूचं सोयाबीन निघालेलं, समदं रान उघडं. बाईमाणसानं बसावं कुठं? म्हणून दसऱ्यापासून गोळी सोडली तिनं. मंग बीपी वाढायलं. तू वरडशील म्हणून म्या माझा हात दिला."

"मग मला सांगायचं ना. डॉक्टरांनी गोळी बदलून दिली असती."

"दिवाळीत ती सांगायली व्हती तुला. तू म्हणलीस, मला कारणं नका सांगू, आकडे दाखवा."

हे खोटं आहे असं मी म्हणणार होते, पण मला आठवलं. मी पाडव्याला दुपारपुरती आले होते आणि जिंतूरला परत निघताना फराळाचे डबे पिशवीत भरत होते. आई दारात येऊन "त्या गोळीचं जरा..." असं म्हणाली होती. मी मान वर न करताच ते बोलले होते. ती तशीच आत गेली.

अण्णांशी मी अजून धड बोलत नाही. आईला घरी आणलंय, मी रजा टाकून तिच्याजवळ बसते. ती काहीतरी सांगायला बघते, ओठ हलतात, नुसता आवाज येतो. मी म्हणते, सांग ना आई, सावकाश सांग, मला काही घाई नाही.