आजाऱ्याची बादली पुढे

ही गोष्ट सांगायचं मी कित्येक वर्षं टाळलं, कारण ती माझ्या मेहुण्यांची आहे आणि तिच्यात मी बरा दिसत नाही. आज मात्र सांगून मोकळा होतो.

दोन माणसं एकदम बोललेली ज्याला सहन होत नाहीत असा माणूस अख्ख्या लालबागमध्ये दुसरा नसेल. आणि तो नेमका जावई झाला आमच्या घरात, जिथे चौघं एकदम ओरडल्याशिवाय भाजीसुद्धा ठरत नसे. जेवताना मेहुण्यांची तर्जनी वर जायची. "आई, जरा थांबा. दादांचं वाक्य अजून हवेत आहे." दादा म्हणजे मी. गणपतीत शेजारशेजारच्या दोन खोल्यांनी एकदम आरती धरली, की ते एकीला थांबवत, गॅलरीच्या पार टोकाच्या खोलीला मात्र सांगत, "तुम्ही खुशाल म्हणा. तुमचा आवाज इथवर पोचत नाही."

त्यांचं कामही हेच. रुग्णांच्या छातीवर चिकटवायची, हृदयाचे ठोके रेडिओवरून डॉक्टरांच्या पडद्यावर धाडणारी छोटी यंत्रं ते बनवत. एक रुग्ण असला तर ठीक. दहा जण एका खोलीत आले की सगळी यंत्रं एकदम बोलतात आणि कुणाचंच ऐकू येत नाही. मेहुण्यांनी त्यांना पाळी लावून दिली. कुठे शिकलात, विचारलं तर म्हणाले, "तुमच्या चाळीच्या नळावर." आमच्याकडे बादल्यांची रांग असे, पण घरात कुणी आजारी असेल तर त्या घरची बादली पुढे. तसंच त्यांनी यंत्राला बटण ठेवलं होतं : बरं वाटेनासं झालं की दाबा, तुमची पाळी आधी.

चाचणी चाळीच्याच हॉलमध्ये झाली. आम्हा म्हाताऱ्यांना यंत्रं चिकटवली, कंपनीचे साहेब आले. पडद्यावर माझं नाव सगळ्यांत खाली. मी थोरला मेहुणा, आणि खाली? लहानपणी धडधाकट आई भाकऱ्या थापत असताना "आई आजारी आहे" म्हणून बादली पुढे सरकवणारा हात माझाच. त्यानं शर्टाच्या आत बटण दाबून धरलं ते धरलंच. माझं नाव वर गेलं, बाकीचे खोळंबले. शेजारच्या तात्यांना घेरी आली, त्यांनीही बटण दाबलं, पण पडद्याला पत्ताच नाही! मेहुण्यांनी तात्यांचा चेहरा बघितला म्हणून निभावलं. संकष्टीचा उपास होता. साखरपाणी पोटात जाताच तात्या शिव्या देत उठून बसले. साहेब मात्र उठून गेले आणि काम मेहुण्यांच्या हातून गेलं. "चूक माझीच," ते म्हणाले. मी शर्टाची बटणं लावत होतो.

ते पुन्हा शून्यापासून कामाला लागले. नव्या यंत्रात बटण कितीही दाबा, एकदाच पुढे, मग रांगेत. जेवताना ताटाकडे बघत म्हणाले, "खरा आजारी दाबून धरत नाही हो, दादा." म्हणजे त्यांना ठाऊक होतं. आज तसलंच यंत्र माझ्या छातीवर आहे, वॉर्डातल्या साऱ्यांचे ठोके रांगेनं जाताहेत, आणि मी बटणाला हात लावत नाही.

मेहुणे गेले त्याच्या आदल्या दिवशी परळच्या इस्पितळात त्यांच्या खाटेभोवती आम्ही सगळे नेहमीसारखे एकदम बोलत होतो. तर्जनी वर झाली.

"दादा, तुमची पाळी."

सगळे माझ्याकडे बघत होते. शब्द तयार होते, इतक्या वर्षांचे.

"पाणी देऊ का?" मी विचारलं.

ते घोटभर प्याले, आणि मग ती तर्जनी माझ्या बहिणीकडे वळली.