मिठाची पुरचुंडी आणि पेन्सिलीचे ठिपके

आई गुरुवारी सकाळी गेली. ती उमरीला होती, मी नांदेडला. मामांचा फोन आला. मी ग्रंथालयाची किल्ली शिपायाकडे दिली आणि स्टेशनवर गेले.

त्यानंतर तीन आठवड्यांनी मी पहिल्यांदा माझ्या हाताने मीठ तापवलं. तव्यावर खडेमीठ तापू लागलं की आधी काही होत नाही. मग एखादा खडा तडकतो, मागोमाग दुसरा, आणि कोरड्या भिंतीवर दुपारचं ऊन पडल्यावर येतो तसा एक वास स्वयंपाकघरात पसरतो. इतकी वर्षं या वासाबरोबर आईच्या बांगड्यांचा आवाज असे. त्या दिवशी फक्त मीठ तडतडत होतं.

हे मीठ कशासाठी, ते सांगायला हवं. आमच्या घरात या दुखण्याला नाव नव्हतं. पाळीच्या आठ-दहा दिवस आधी माझे दोन्ही स्तन जड होत, ठणकत, कुशीवर वळणं नको होई. मी पुस्तकांत वाढलेली बाई, रोज शेकडो पुस्तकं हाताळणारी. पण स्वतःच्या देहातल्या एवढ्याशा गोष्टीसाठी मला आईसमोर शब्द सापडत नव्हता. लाज आणि भीती या दोघी किती सहज एकमेकींच्या आड लपतात!

शब्द न सांगताच आईला कळलं. मी सुट्टीला उमरीला आले होते. स्टेशनवरून आईबरोबर घरी येताना रिक्षा खड्ड्यातून गेली की मी दंड छातीशी घट्ट धरत होते. ती ते बघत होती. घरी आल्यावर तिने दार लोटलं आणि किती दिवस झाले, एवढंच विचारलं. मी म्हटलं, तीन महिने.

“तुझ्या मावशीनं बी तीन महिनेच म्हणलं होतं,” आई म्हणाली.

मावशी कशाने गेली हे आमच्याकडे कुणी उच्चारत नसे. तिने छातीतली गाठ लपवली होती. कळलं तेव्हा उशीर झाला होता. दुसऱ्या दिवशी पहाटे आईने डबा बांधला. नांदेडात ओळखीचे फार, म्हणून लातूरच्या एका डॉक्टरीणबाईंकडे जायचं ठरलं. बसमधून लोहा गेलं, अहमदपूर गेलं. आई पिशवी मांडीवर धरून खिडकीबाहेर बघत राहिली. सोयाबीनची शेतं हिरवी होती.

बाईंनी तपासलं, सोनोग्राफी करून घेतली. गाठ नव्हती. पाळीच्या चक्राबरोबर येणारं, पुष्कळ बायकांना होणारं दुखणं होतं ते. त्यांनी सांगितलेले उपाय इतके साधे होते की आईला ते औषध वाटेचनात. मापाचे, नीट आधार देणारे आतले कपडे, ऊबदार शेक, चहा कमी करून बघायचा, फार दुखलं तर वेदनाशामक गोळी, तीही जेवणानंतरच, आणि कोणत्या दिवशी दुखतं याची नोंद. गाठ लागली, कातडी ओढल्यासारखी दिसली किंवा स्राव आला, तर मात्र एक दिवसही न थांबता यायचं.

परतताना आम्ही बाजारात गेलो. दुकानातल्या मुलीने टेप घेऊन माझं माप घेतलं, आणि हसत आईचंही. आई आधी नको नको म्हणाली. मग बसमध्ये, अहमदपूर यायच्या आत, माझ्या कानाशी वाकून म्हणाली, “मायबाई, चाळीस वर्षं चुकीच्या मापात काढली म्हण की मी.” आणि आम्ही दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. ते पाणी नुसतं हसण्याचं नव्हतं, हे दोघींनाही ठाऊक होतं.

शेकाचं काम आईने स्वतःकडे घेतलं. तापलेलं मीठ जुन्या धोतराच्या तुकड्यात बांधायचं, आधी स्वतःच्या मनगटाला लावून बघायचं, चटका बसत नाही याची खात्री झाली की मगच माझ्या हातात द्यायचं. चूक माझ्याकडून झाली. पुढच्याच संकष्टीला, उपास असताना, मी दुपारी रिकाम्या पोटी गोळी घेतली. पोटात आग उठली, उलट्या झाल्या. ज्या घरात चंद्र दिसल्याशिवाय कधी ताट वाढलं गेलं नव्हतं, त्या घरात आईने टळटळीत दुपारी माझ्यापुढे वरणात कुस्करलेली भाकरी ठेवली. मी देवघराकडे बघितलं.

“देवाला काय सांगायचं ते मी सांगते. तू खा.”

स्वतः मात्र ती चंद्रोदयापर्यंत पाण्यावर राहिली. श्रद्धा म्हणजे काय, हे मी पुष्कळ ग्रंथांत वाचलं आहे. पण त्या कुस्करलेल्या भाकरीइतकं स्पष्ट मला ते कुठे दिसलं?

नोंदही तिनेच ठेवली. देवघराशेजारच्या कॅलेंडरवर, एकादशी-चतुर्थीच्या बाजूला, पेन्सिलीचा एक बारीक ठिपका. बाबा होते तोवर रोज त्याच कॅलेंडरवर तिथी बघत. त्यांनी कधी विचारलं नाही. मी नांदेडहून फोनवर तारीख सांगे, तिथे शेकायला गरम पाण्याची पिशवी वापरी. पुढे दुखणं पुष्कळ कमी झालं, तारखा सांगायचं मी सोडून दिलं. तरी त्या सुमारास आईचा फोन यायचाच. चहा किती झाला गं आज, शेकलंस का, जेवूनच गोळी घे. मला वाटे, योगायोग. कधी कामात असले तर मी तुटकपणे बोलून फोन ठेवीही.

तेराव्यानंतर मी ते कॅलेंडर भिंतीवरून उतरवलं. आम्ही तारखा बोलायचं सोडून वर्षं झाली होती, तरी प्रत्येक महिन्यात ठिपका होता. दिवस मोजून, अंदाजाने काढलेला. कुठे खोडून दोन घरं पुढे सरकवलेला. पान उलटलं. पुढच्या महिन्यात ठिपका होता. त्याच्या पुढच्याही. तिने वर्षाच्या शेवटापर्यंतचे ठिपके आधीच काढून ठेवले होते.

परवा तिच्या ठिपक्याच्या दिवशीच दुखायला लागलं. मी जेवले, मीठ तापवलं, पुरचुंडी बांधली. ती आधी मनगटाला लावून पाहिली.

कॅलेंडर आता नांदेडच्या घरात आहे. त्यात आईचे चार ठिपके उरले आहेत.