पातूर घाटातली बाळापूरची गोष्ट

दर रविवारची शर्त ठरलेली होती. पातूरच्या घाटाच्या माथ्यापर्यंत मी सायकलवरून पाय न टेकता पोचलो, तर आलुबोंड्याची प्लेट भाऊंकडून. मध्येच उतरलो, तर माझ्याकडून. शर्तीत आम्ही दोघेच. प्लेट कायम माझ्याकडूनच जाई.

भाऊ अकोल्याच्या जुन्या शहरातले, निवृत्त बसचालक. याच घाटातून त्यांनी आयुष्यभर बस नेली आणि आयुष्यभर बोलत नेली. चालकाशी बोलू नये अशी पाटी बसमध्ये असते, हे मी एकदा लक्षात आणून दिले. ते म्हणाले, "ते पाटी पाशिंजरसाठी हाय. डायवरनं बोलू नये, असं कुठी लिवलं हाय?"

निवृत्तीनंतर मुलीने त्यांना बारीक टायरची सायकल घेऊन दिली. तिला ते 'उपासाची सायकल' म्हणत. माझ्या हँडलवर मीटर होते, त्यावर चढाचा टक्का दिसे. घाट तसा सौम्य, पण मी धापा टाकत आकडा वाचून दाखवी. "चार टक्क्यानं कोनी मरते का बे? ब्यांक याच्याहून जास्त घेते," असे म्हणून भाऊ त्याच श्वासात अर्धी राहिलेली गोष्ट पुढे नेत.

गोष्टींना एक नियम होता. शेवट माथ्यावर, आणि तोही सायकलवर बसून येणाऱ्यालाच. "पायी चालनाऱ्याले गोष्ट नाई." मग आलुबोंडा खातानाही ते शेवटाबद्दल अवाक्षर काढत नसत.

त्यामुळे बाळापूरची गोष्ट मला अर्धीच ठाऊक होती. तरुणपणी भाऊ मामांना कॅरिअरवर बसवून बाळापूरला मुलगी पाहायला गेले. नेमके मुलीच्या दारात मामांचे धोतर साखळीत अडकले. मामांना उतरताही येईना, बसताही येईना. तेवढ्यात मुलगीच बाहेर आली, हातात कात्री. इथे वळणावरचा पळस येई, माझ्या मांड्या भरून येत आणि मी उतरे.

भाऊंची बायको, म्हणजे आमच्या काकू, नांदगाव पेठेच्या. म्हणजे बाळापूरला काहीतरी बिनसले, एवढे नक्की. काकूंना विचारले, तर म्हणाल्या, "मले काय माहीत, बाबू? मी कुठी घाट चढली?"

गेल्या हिवाळ्यात भाऊंची मुलगी दोघांना पुण्याला न्यायला आली. भाऊंना दम लागू लागला होता. सायकल इथेच ठेवायची, असे तिने ठरवले. शेवटच्या रविवारी आम्ही निघालो, पण घाट लागला तसे भाऊ गप्प झाले. चढायला आणि बोलायला मिळून श्वास पुरत नव्हता. आपल्या टायरचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. न राहवून मीच सुरू केले, "तुम्ही मामांना कॅरिअरवर बसवलं..."

ते मान खाली घालून ऐकत होते. पळसापाशी माझी गोष्ट संपली, आणि भाऊंचा पाय पेडलवरून सुटला. मी घाईघाईने म्हणालो, "मग मुलीनं धोतर कापलं!"

"कापलं नाई!" पाय परत पेडलवर. "कापन काहून? पेडल उलटं फिरवलं तिनं. निंघालं धोतर!"

"मग काय, सोयरीक जमली."

"जमली असती त तुही काकू कुठून आली असती, लेका?"

मी चुकत गेलो, ते दुरुस्त करत गेले. दर दोन शब्दांमागे ते थांबून श्वास घेत, पण पाय थांबले नाहीत. माथा आला तेव्हा लक्षात आले, मीही उतरलो नव्हतो.

"मुलगी नाही म्हणाली?" मी विचारले.

"तिनं नाई. मामानं. म्हने, इतकी हुशार पोरगी आपल्याच्यानं झेपत नाई." भाऊंनी घाम पुसला. "काकूले सांगू नको. ते म्हनन, मंग मी काय ढ होती का?"

शर्तीची प्लेट त्यांनी मला दिली, आणि एक काकूंसाठी बांधून घेतली. भाऊंच्या दारात काकूंनी पुडा हातात घेतला. "आज चढला वाटते. काय झालं मंग बाळापूरले?"

भाऊ लगबगीने सायकल पुसायला खाली वाकले.

"काकू, तुम्ही अजून घाट चढला नाहीत," मी म्हणालो.

त्या जवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "यायच्या मामाजीनं मले लग्नातच सांगतलं होतं. मले माहीत हाय, हे यायले नका सांगू."

दुसऱ्या दिवशी दोघे पुण्याला गेले. शेवट ठाऊक असलेल्या दोघांना एकेक प्लेट मिळाली होती, मला आणि काकूंना; पैसे भाऊंचे.