अंगठ्यावरचा लाल रंग

अड्याळच्या शकुनबाईच्या दोन दाढा तडकल्या, त्या काही कडक खाऊन नव्हे. लेक गेली तेव्हापासून ती रात्री दात आवळून झोपायची. दामिनी, एकुलती एक, दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेहून आली, तापानं पडली ती उठलीच नाही.

भंडाऱ्याच्या दातांच्या डॉक्टरनं तोंडात आरसा घालायचा अवकाश, शकुनबाईचा जबडा मिटलाच म्हणून समजा. शेवटी त्यानं हात टेकले. झोपेचं इंजेक्शन देऊनच दाढा काढू म्हणाला. सकाळपासून पाणीसुद्धा प्यायचं नाही, सोबत घरचं माणूस हवं. नर्सबाईनं वर जोडलं, "मावशी, नेलपॉलिश काढून या. बोटाले मशीन लावतो, रंगानं आकडा बराबर येत नाही."

उपाशी राहणं सोपं. गाडं अडलं ते नेलपॉलिशपाशी. मंडईच्या दिवशी दामिनीनं आईला बळेच बसवून दहाही नखं लाल केली होती. "आई, हालू नको वं!" म्हणून वर दटावलंही होतं. धानकापणीत, भांडी घासण्यात बाकीचा रंग खरवडून गेला. डाव्या अंगठ्यावर तेवढा एक तुकडा उरला. शकुनबाई ते नख कापतच नव्हती. फोटो भिंतीवर होता, पण तो फोटोवाल्यानं काढलेला. हे पोरीच्या हातचं होतं.

काही झालं तरी ते जाऊ द्यायचं नव्हतं. तिनं अंगठ्याला चिंधी गुंडाळली आणि विळा लागला म्हणून नवऱ्यालाही ठोकून दिलं. घरात दामिनीचं नाव निघालं की टेकचंद उठून बाहेर जायचा. त्याला काय सांगणार?

टेकचंद ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रंगवायचा. दाढा काढायच्या दिवशी बायको उपाशी म्हणून भला माणूस स्वतःही चहाला शिवला नाही. नर्सबाईनं चिंधी पाहून मशीन उजव्या हाताच्या बोटाला लावली. दाढा निघेपर्यंत टेकचंद बाजारातून रंगकामापुरतं थिनर घेऊन आला.

मग शकुनबाईला बाजूच्या खाटेवर निजवलं. ती अजून गुंगीत होती. चिंधी सैल झालेली. जखम बघावी म्हणून टेकचंदनं अंगठा हातात घेतला. जखम कुठली? नखावर लाल रंग, अगदी त्याच्या ट्रॉल्यांसारखा. लग्नापासून तिच्या हाताला ट्रॉलीचा रंग लागला की तोच पुसून द्यायचा. बोलून दाखवायची माया त्याला कधी जमली नाही, ही तेवढी जमायची. त्यानं रुमालाला थिनर लावलं आणि तिची झोप न मोडता नख लख्ख केलं.

शकुनबाईला शुद्ध आली. जीभ जड, तोंडात कापसाचा बोळा. तिनं आधी अंगठा पाहिला.

"जखम नोहतीच ना वं," टेकचंद खुशीत म्हणाला. "आपल्या ट्रालीचा रंग लागला होता. पुसून टाकला."

तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या. पोर दुसऱ्यांदा गेली होती, आणि तोंडातून हुंदकासुद्धा धड निघत नव्हता. इंजेक्शननं असं होतं, काहीजण रडतात, असं नर्सबाईनं समजावलं.

बसमध्ये बोळा काढला. तोंड मोकळं झालं. टेकचंद तोच अंगठा धरून बसला होता.

"काहून रडून राहिली? लय दुखते का?"

शकुनबाईनं त्याच्याकडे पाहिलं. पोर त्याचीही होती.

"हो," ती म्हणाली. "दाढच दुखून राहिली."

त्यानं तिचा अंगठा आणखी घट्ट धरला.